तपकिरीची कुपी आणि फादर स्टुम्फ यांची भट्टी

मराठीत एका रंगाला आपण तपकिरी म्हणतो. शाळेत जाणारी मुले रंगपेटीतील ती कांडी त्याच नावाने ओळखतात. परंतु ज्या पदार्थावरून हे नाव पडले ती तपकीर त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. पदार्थ घरातून गेला आणि रंग तेवढा भाषेत राहिला. आमच्या वऱ्हाडात दोन पिढ्यांपूर्वी अशी स्थिती नव्हती. अमरावतीच्या कापूसबाजारात सौदा ठरण्यापूर्वी, अकोल्याच्या कचेरीबाहेर पुकाऱ्याची वाट पाहताना, किंवा रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारातील कडुलिंबाखाली गप्पा रंगल्या असताना एखाद्या वृद्धाच्या बंडीच्या खिशातून डबी निघे, तिच्या झाकणावर बोटाने टिचकी मारली जाई, चिमूट नाकाशी जाई आणि पाठोपाठ सणसणीत शिंक येई. आमच्या आजोबांचीही अशी एक पितळी डबी होती. झाकणावर वेलबुट्टी कोरलेली, कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. नाताळापूर्वीच्या एका साफसफाईत ती इतर फुटक्या भांड्यांबरोबर मोडीत गेली. तिचे किती पैसे आले हे घरात आज कोणालाही आठवत नाही.

त्या डबीची आठवण आम्हाला झाली ती मुंबईत. १९२२ साली 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम' म्हणून लोकांसाठी खुले झालेले आणि १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. वऱ्हाडातून बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने गेलेली मंडळी राणीचा बाग, चौपाटी आणि बांद्र्याचे मोतमाऊली यांच्या जोडीला तेथेही एक फेरी मारतात. या संग्रहालयाला सर रतन टाटा यांच्याकडून लाभलेल्या पौर्वात्य वस्तूंमध्ये चीनमधील तपकिरीच्या कुप्याही आहेत. (हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे पुत्र; १८७१ साली जन्मलेले आणि १९१८ साली निधन पावलेले. २०२४ साली निवर्तलेले रतन टाटा हे त्यांच्या पत्नी नवाजबाई यांनी दत्तक घेतलेल्या नवल टाटांचे चिरंजीव.) अशा कुप्या जगभरच्या हौशी संग्राहकांच्या जिवाचा विसावा आहेत. त्यांच्यासाठी १९६८ साली अमेरिकेत एक संस्था स्थापन झाली, त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाले आणि त्यांच्या लिलावात हाँगकाँगला अशा किमती उठल्या की आमच्यासारख्याने त्या वाचून ग्रंथ मिटावा. आम्हीही मिटला असता. पण काचेच्या कुप्यांची हकीकत वाचता वाचता मध्येच एका येशूसंघीय धर्मगुरूचे नाव समोर आले आणि आम्ही थबकलो.

प्रथम कुपी कशी असते ते सांगितले पाहिजे. ती तळहातात मावते. उंची बहुधा दोन ते तीन इंच. तोंड इतके लहान की करंगळीदेखील आत जाऊ नये. तोंडावर पोवळ्याचे, जेडचे किंवा रंगीत काचेचे बूच, बुचाच्या खाली बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला हस्तिदंताचा चिमुकला चमचा. या चमच्याने तपकीर काढून अंगठ्याच्या नखावर वा हाताच्या पाठीवर ठेवायची आणि हुंगायची. युरोपातील सरदार आणि आपले आजोबा दोघेही डबी वापरीत. चिन्यांनी कुपी का पसंत केली? औषधाच्या पुडी ठेवण्यासाठी त्यांच्याकडे लहान कुप्या आधीपासून होत्या. शिवाय दमट हवेत डबी उघडली की तपकिरीचा गोळा होतो. बुचाच्या कुपीत ती कोरडी राहते. तपकिरीला चिनी भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'नाकाचा धूर' असा होतो. न जळता नाकात जाणारा धूर! हा शब्द घडविणाऱ्याला विनोदाची चांगलीच जाण असली पाहिजे.

तंबाखू मूळची अमेरिकेतील. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. तंबाखू हा शब्दही त्यांच्याकडून आलेला. तिचे चूर्ण नाकात ओढण्याची सवय युरोपात इतकी फोफावली की ती देवळाच्या आत शिरली. मिस्साबलिदान चालू असताना धर्मगुरूसुद्धा चिमटी नाकाशी नेऊ लागले. सेव्हिल येथील गाऱ्हाण्यांवरून पोप आठवे अर्बन यांनी १६४२ साली त्या धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखूसेवनाला बंदी केली आणि ती मोडणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा सांगितली. १६५० मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरापुरती तशीच आज्ञा काढली. पुढे १७२५ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी ही बंधने सैल केली. ते स्वतः तपकीर ओढीत. शिक्षेच्या भयाने लोक तपकीर सोडीत नव्हते, उलट चिमटी ओढण्यासाठी उपासना सोडून बाहेर जात होते. आमच्या काळात, २०१८ पासून, पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्रीच बंद केली, तेव्हा या प्रकरणाचे वर्तुळ पुरे झाले म्हणायचे.

चीनच्या दरबारी तपकीर पोचली ती याच मंडळींच्या हातून. १६८४ साली कांग्शी बादशहा दक्षिणेच्या दौऱ्यावर नानकिंगला आला असता गाबियानी आणि वाला या दोन येशूसंघीय फादरांनी त्याला काही भेटी नजर केल्या. बादशहाने त्या पाहिल्या, आदराने परत केल्या आणि एकच वस्तू ठेवून घेतली. ती वस्तू म्हणजे तपकीर. परक्या धर्मगुरूंकडून मौल्यवान वस्तू घेतल्याचा बोल लागू नये, पण त्यांचा अवमानही होऊ नये, असा राजनीतीचा हिशेब त्यात असेल. कांग्शी तसा धोरणी पुरुष होता.

येथे थोडे मागे जावयास हवे. चीनचा दरवाजा धर्मगुरूंसाठी उघडला तो ज्ञानाच्या आणि हस्तकौशल्याच्या किल्लीने. फादर मात्तेओ रिची १६०१ मध्ये पेकिंगला गेले ते घड्याळे घेऊन. त्यांच्या सामानात काचेचे त्रिकोणी लोलकही असत. सूर्यकिरणांचे सात रंग दाखविणाऱ्या त्या तुकड्याला चिनी लोक रत्न समजत. मराठी वाचकाला येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रिची १५७८ साली गोव्यास उतरले आणि १५८२ साली तेथून पुढे गेले. त्याच सुमारास, १५७९ साली, गोव्यास उतरलेले दुसरे येशूसंघीय म्हणजे आपले फादर थॉमस स्टीफन्स. एकाने चिनी भाषा आत्मसात केली, दुसऱ्याने मराठी. आणि १६१६ साली स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. आपल्या वाट्याला ओवी आली. चीनच्या वाट्याला, इतर अनेक गोष्टींबरोबर, काच आली.

१६९२ साली कांग्शीने ख्रिस्ती धर्माला मुभा देणारे फर्मान काढले. पुढल्याच वर्षी तो हिवतापाने आजारी पडला आणि फ्रेंच येशूसंघीयांनी दिलेल्या सिंकोनाच्या सालीने, म्हणजे ज्यातून पुढे क्विनाईन निघाले त्या औषधाने, बरा झाला. मेळघाटच्या हिवतापाशी ज्यांच्या वाडवडिलांची गाठ पडली आहे त्यांना या उपकाराचे मोल सांगावयास नको. बादशहाने कृतज्ञतेने राजवाड्यालगत फ्रेंच फादरांना जागा दिली. तेथे उभारलेले उत्तरेकडील चर्च १७०३ साली उपासनेसाठी खुले झाले. याच आवाराशेजारी १६९६ साली बादशहाच्या आज्ञेने एक भट्टी पेटली. तिचे प्रमुख होते फादर किलियन स्टुम्फ.

स्टुम्फ जर्मनीतील व्यूर्त्सबुर्गचे. जन्म १६५५ चा. १६९५ मध्ये ते पेकिंगला पोचले. गणित, खगोल आणि यंत्रविद्या यांत ते निष्णात होते आणि पुढे १७११ पासून त्यांनी दरबारच्या वेधशाळेचा कारभार पाहिला. पण त्यांचे हात काचेतही चालत, हे बादशहाच्या तीक्ष्ण नजरेने हेरले. चीनमध्ये काच पूर्वी नव्हती असे मुळीच नाही. शांतुंग प्रांतातील पोशान येथे काचकाम जुने होते आणि तेथील व कँटनचे कारागीरच या नव्या भट्टीवर राबले. स्टुम्फ यांनी आणली ती युरोपची कृती: स्वच्छ पारदर्शक काच करण्याची, तिला पैलू पाडण्याची आणि सोन्याच्या अत्यल्प अंशाने तिला माणकासारखा तांबडा रंग चढविण्याची. हे सोनेरी माणिकरंगाचे गुपित जर्मनीतच थोड्याच वर्षांपूर्वी हाती आले होते. भट्टीत जे तयार होई त्यात फुलदाण्या होत्या, वाट्या होत्या, आणि तपकिरीच्या कुप्या होत्या. अठराव्या शतकाच्या आरंभी एका चिनी विद्वानाने आपल्या टिपणात तपकीर ही डोळ्यांना हितकर आणि साथीच्या रोगावर गुणकारी असल्याची समजूत नोंदविली आहे व ती ठेवण्याच्या रंगीबेरंगी काचकुप्यांची आणि हस्तिदंती चमच्यांची तारीफ केली आहे. बादशहाच्या हातून कुपी मिळणे हा मान ठरला. बादशहा देई म्हणून सरदार वापरी, सरदार वापरी म्हणून कारकुनाला हवीशी वाटे.

त्या पहिल्या काचेत एक खोट होती आणि ती आम्हाला फार बोलकी वाटते. मिश्रणात क्षार जास्त आणि चुन्याचा अंश कमी पडल्याने ती काच हवेतील ओलाव्याने हळूहळू आजारी पडे. आरंभी पृष्ठभाग घामेजल्यासारखा होई, मग अंगावर केसासारख्या बारीक चिरांचे जाळे पसरे. जाणकार या विकाराला काचेचा रोगच म्हणतात. कांग्शीच्या काळातील पेकिंगची म्हणून जी काच आज संग्रहालयांत आहे तिच्यातील अनेक वस्तूंना हा रोग जडलेला आहे. गंमत अशी की संग्राहक त्याच चिरांवरून तिचे वय ओळखतात.

भट्टीबाहेर मात्र दुसरीच आग पेटली होती. चिनी ख्रिस्ती माणसाने पूर्वजांच्या स्मृतिपाटीपुढे वाकावे की नाही, कन्फ्यूशियसला मान द्यावा की नाही, हा तो वाद. रिचींच्या वाटेने जाणारे येशूसंघीय म्हणत, हा लौकिक आदर आहे. इतर मिशनरी म्हणत, ही मूर्तिपूजा आहे. १७०५ साली पोपचे वकील म्हणून तूर्नों पेकिंगला आले. वाटाघाटी चिघळल्या, बादशहा रागावला. तूर्नों १७१० साली मकाव येथे नजरकैदेत वारले. या साऱ्या प्रकरणाची दिवसागणिक लेखी नोंद ज्यांनी ठेवली ते नोंदकार दुसरे कोणी नसून काचेच्या भट्टीचे हेच फादर स्टुम्फ होत. त्यांचे ते लॅटिन हस्तलिखित हजारांहून अधिक पानांचे आहे आणि आजही अभ्यासक त्याच्याकडे वळतात. १७१५ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी चिनी विधींवर बंदी कायम केली. त्या वेळी स्टुम्फ चीन व जपानमधील येशूसंघाचे निरीक्षक होते. जी आज्ञा पाळणे त्यांचे व्रत होते तीच आज्ञा आपले कार्य बुडविणार हे त्यांना दिसत होते. १७२० साली पेकिंगमध्येच त्यांचा अंत झाला. १७२४ साली युंगचेंग बादशहाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १७४२ साली रोमने वादाचा अखेरचा निकाल दिला. आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९३९ साली, पोप बारावे पायस यांच्या काळात रोमनेच ते विधी लौकिक असल्याचे मान्य करून वाट मोकळी केली. येशूसंघीय सर्वस्वी बरोबर होते आणि त्यांचे प्रतिस्पर्धी सर्वस्वी चूक होते, असे आम्ही म्हणत नाही. दोन शतकांचा विलंब मात्र आम्हाला सलतो.

धर्म बंद झाला, पण भट्टी बंद झाली नाही, ही या कथेतील विलक्षण गोष्ट. प्रार्थनेला मनाई आणि कारागिरीला आमंत्रण, अशा अवस्थेत पेकिंगचे फादर व ब्रदर पुढे अर्धशतक राहिले. चित्रकार ब्रदर कास्तील्योने तेच आयुष्य जगले. छियानलुंग बादशहाच्या कारकिर्दीत (१७३६ ते १७९५) ब्रोसार आणि दांकारव्हिल या दोन फ्रेंच येशूसंघीयांनी काचशाळेला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. यांतील दांकारव्हिल हे खरे वनस्पतिशास्त्रज्ञ. बादशहाच्या उद्यानात शिरकाव मिळेना, तेव्हा त्यांनी १७५३ साली त्याला लाजाळूची रोपे भेट दिली. बोट लागताच पाने मिटणारे ते झुडूप पाहून बादशहा खूष झाला आणि उद्यानाचे फाटक उघडले! आपल्या शेताच्या बांधावर जी लाजाळू आपण पायाने तुडवतो तिच्यात एवढे सामर्थ्य असेल असे कोणाला वाटेल? १७५७ साली दांकारव्हिल आणि १७५८ साली ब्रोसार वारले. त्यानंतर राजवाड्याच्या काचेचा दर्जा उतरत गेला, असे जाणकारांचे मत आहे. १७७३ मध्ये तर पोपच्या आज्ञेने येशूसंघच विसर्जित झाला. तो १८१४ साली पुन्हा उभा राहिला.

तोवर कला चिनी कारागिरांच्या हाडीमाशी खिळली होती. त्यांनी गुरूला मागे टाकले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पांढऱ्या काचेचा फुगविलेला गोळा तांबड्या वा निळ्या वितळलेल्या काचेत बुडवावयाचा, थंड झाल्यावर वरचा थर फिरत्या चाकावर कुरुंदासारख्या कठीण भुकटीने घासावयाचा आणि नको तेवढा भाग काढून टाकावयाचा. मग हिमासारख्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडे मासे, कमळे, वाघळे उरतात. ही पद्धत काचकाम करणाऱ्याची नाही, रत्न घासणाऱ्याची आहे. चिन्यांनी काचेला दगड मानून कोरले. ते काचेला जेडचे रूप देत, पोवळ्याचे देत, मनशिळेचेदेखील देत. खरी मनशीळ विषारी आणि ठिसूळ, काचेची निर्धोक. एकोणिसाव्या शतकात याहून अचाट प्रकार निघाला. आत लोखंडाची भुकटी आणि पाणी घालून कुपी हलवीत राहायचे, म्हणजे आतली बाजू खरखरीत होते. मग टोक आकड्यासारखे वाकविलेला बांबूचा बारीक कुंचला त्या अरुंद तोंडातून आत घालून आतल्या भिंतीवर चित्र काढायचे. अक्षरे लिहावयाची तर ती उलटी. मा शाओश्वान (१८६७ ते १९३९) या कलावंताने अशा रीतीने माणसांचे हुबेहूब चेहरे रंगविले. अशा कुपीत तपकीर भरली तर चित्र खराब व्हायचे, म्हणजे येथे कुपीचा तपकिरीशी संबंध सुटू लागला आणि ती निव्वळ शोभेची व विकण्याची वस्तू झाली.

संग्राहकांच्या सावधगिरीचे नियम मनोरंजक आहेत. तळावर छियानलुंगचा शिक्का असला म्हणून कुपी त्या काळची ठरत नाही. नंतरच्या कारागिरांनी तो सर्रास उमटविला, कधी फसविण्यासाठी तर कधी केवळ आदराने. आतून ती किती सफाईने पोखरली आहे, तळाची कडा किती झिजली आहे, तोंडाशी वर्षानुवर्षे बूच घासल्याची खूण आहे काय, हे पाहावयाचे. आत जुन्या तपकिरीचा थर चिकटलेला आढळला तर तो धुऊन टाकू नये.

आता वऱ्हाडाकडे वळतो, कारण ही कुपी आपल्या काळ्या मातीला अगदीच परकी नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले. अमरावतीचे जुने नाव उमरावती. तिच्यावरून आमच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' म्हणत. पाठोपाठ लोहमार्ग आला. आज बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या खामगावाला १८७० साली स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो लोहमार्ग आणि कापूसबाजार यांच्या उद्घाटनासाठी आले. कापूस पिकतो तेथेच गिरणी काढावी या विचाराने जमशेटजी टाटांनी नागपूर निवडले आणि १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई इलाख्यातील आणि नागपूरकडील गिरण्यांच्या जाड्याभरड्या सुताचे मोठे गिऱ्हाईक त्या काळी चीन होते. ते सूत पूर्वेकडे नेणाऱ्या बोटीचे भाडे परवडेना म्हणून जमशेटजींनी १८९३ च्या सुमारास जपानी कंपनीच्या साहाय्याने स्वतःची बोटसेवा काढून पाहिली. ती टिकली नाही. म्हणजे अकोल्याच्या शेतकऱ्याने वेचलेल्या कापसाचा धागा चिनी मजुराच्या अंगावर जात होता, आणि त्या व्यापारातील नफ्याचा काही भाग, पुढल्या पिढीत, चिनी कलावस्तूंच्या रूपाने लंडनमार्गे मुंबईत परतला. सर रतन टाटा इंग्लंडमध्ये ट्विकनहॅम येथे यॉर्क हाउसमध्ये राहत आणि रसिकतेने वस्तू जमवीत. पाटलिपुत्राच्या उत्खननाला आणि दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्याला पैसा देणारे ते हेच गृहस्थ. आपला संग्रह त्यांनी मुंबईच्या संग्रहालयाला ठेवून दिला, यात त्यांचे मोठेपण आहे.

पण धाग्याचे दुसरे टोकही पाहावयास हवे. मुंबईहून चीनला केवळ कापूस आणि सूत जात नव्हते, अफूही जात होती. पेढ्या मुंबईच्या, माल माळव्याचा, आशीर्वाद कंपनी सरकारचा. त्या अफूवरून इंग्रजांनी चीनशी दोन युद्धे केली. दुसऱ्या युद्धाच्या अखेरीस, ऑक्टोबर १८६० मध्ये, इंग्रज व फ्रेंच फौजांनी छियानलुंगच्या आवडीचा उद्यानमहाल लुटला आणि जाळला. १९०० साली बॉक्सर बंडाच्या वेळी पेकिंग पुन्हा लुटले गेले. अशा लुटींनंतर राजवाड्यातील वस्तू युरोपच्या दुकानांत दिसू लागल्या आणि संग्राहकांची एक पिढी तयार झाली. मुंबईतील कुप्या लुटीतील आहेत असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की त्या काळी लंडनच्या बाजारात चिनी वस्तू विपुल का झाल्या, याचे उत्तर सोज्ज्वळ नाही.

आणि त्याच १८५८ व १८६० च्या तहांनी मिशनऱ्यांना चीनच्या अंतर्भागात जाण्याची मुभा मिळवून दिली. ज्या दारावर स्टुम्फ यांनी चोवीस-पंचवीस वर्षे काच वितळवून टकटक केली ते दार तोफेने उघडले. आमच्या मते या सबंध इतिहासात ख्रिस्ती माणसाने मान खाली घालावी अशी जागा कोणती असेल तर ती ही. चिन्यांच्या मनात ख्रिस्ताचे नाव आणि अफूची पेटी एकाच बोटीतून उतरल्यासारखी झाली. १९०० च्या बंडात त्याची किंमत हजारो निरपराध चिनी ख्रिस्ती बांधवांनी प्राण देऊन भरली. आपल्या वऱ्हाडातही पहिले फ्रेंच धर्मगुरू आले ते इंग्रजी छावण्यांच्या आणि आगगाडीच्या सोयीने. नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, अमरावती १९५५ चा. त्यांच्या त्यागाबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु कोणत्या वाटेने ते आले हे सांगताना आपण आवाज खाली आणतो, तो आणू नये.

संग्रह करणे म्हणजे श्रीमंतांचा छंद, असा एक समज आहे. आपल्या महाराष्ट्रात तो खोटा ठरविणारी माणसे होऊन गेली. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६ ते १९९०) यांचा व्यवसाय चष्म्याचा आणि नाद कवितेचा. त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे केलेले संग्रहालय शासनाच्या स्वाधीन केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली इतिहास संशोधनाची संस्था काढली आणि तिच्या संग्रहात भारतीय ख्रिस्ती कलेला स्थान दिले. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर, ज्याला आपण रुक्मिणीचे माहेर म्हणतो, तेथे उत्खनन करणारे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीच पुढे भारतीय काचेचा इतिहास लिहिला. तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. वर्धा नदीच्या काठी मातीत हात घालणाऱ्याला काचेच्या एका मण्याचे महत्त्व कळले होते. आज चौकाचौकात प्लॅस्टिकच्या पिशवीत घोटला जाणारा खर्रा मात्र मागे काय ठेवणार आहे, हे आमच्या डोक्यात शिरत नाही. तपकीर काही आरोग्यदायी नव्हती. पण निदान तिने एखादी डबी तरी ठेवली.

जुन्या वस्तू घरात असतील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्यालाही परवाना लागतो. दारावर येऊन 'जुने पितळ, जुनी काच' म्हणणाऱ्याला हे ठाऊक असते, आपल्याला नसते.

हा लेख लिहावयास घेतल्यावर आम्ही नातलगांकडे चौकशी केली. अकोल्याच्या एका आत्याबाईंकडे डबी निघाली. आमच्या आजोबांची नव्हे. त्यांच्या सासऱ्यांची, पण त्याच घडणीची. तिच्यात आता जपमाळेचे सुटे मणी आणि दोन टाचण्या होत्या. डबी कोणाची, ती कोठून आली आणि ते गृहस्थ कोणत्या धर्मग्रामातले, हे आत्याबाईंना विचारून आम्ही एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी आत ठेवण्यासाठी मणी बाजूला काढले. तळाशी कडेला एक काळपट तपकिरी रेघ चिकटून होती. आम्ही ती नखाने खरवडणार तोच संग्राहकांचा नियम आठवला आणि हात आखडता घेतला. नुसता वास घेऊन पाहिला. आत्याबाई हसू लागल्या, कारण आम्हाला शिंक आली होती.